वायरीतून सूर जात नाही

माझ्या पेटीच्या वरच्या सप्तकातल्या पट्ट्या बिघडल्या आहेत, असं मी जवळजवळ वर्षभर धरून चालले होते. खालचं आणि मधलं सप्तक पूर्वीसारखंच भरून वाजायचं. वर गेलं की सूर आधी बारीक व्हायचा, मग घोगरा, आणि अगदी शेवटच्या पट्ट्यांवर नुसती लाकडाची टकटक. पेटी माझ्या लग्नाबरोबर या घरात आलेली. म्हातारपणी तिचं काहीतरी दुखणारच, असं म्हणून मी वरच्या पट्ट्या टाळून वाजवत राहिले.

एकदा यजमानांना हाक मारली.

"अहो, ही पट्टी वाजतेय का बघा जरा."

"वाजतेय की."

"नीट ऐका."

"नीटच ऐकतोय. चीं करून वाजतेय."

मी विश्वास ठेवला नाही. यांना सूर कळत नाहीत हे आमच्या सगळ्या नातेवाइकांना ठाऊक आहे. आरती कुठली आणि राष्ट्रगीत कुठलं, हे त्यांना लोक टाळ्या वाजवतायत की ताठ उभे आहेत यावरून कळतं. हयातभर त्यांनी पाणीपुरवठा खात्यात इंजिनियर म्हणून काम केलं. पाइपातून पाणी वाहतंय की हवा, हे नुसत्या हाताने सांगतील, पण भूप आणि भैरवी त्यांना सारखेच. अशा माणसाच्या साक्षीवर मी माझ्या पेटीचा निकाल कसा लावणार?

तेव्हा मी हैदराबादेत जामबागेतल्या एका शाळेत गणित शिकवत होते, अजूनही शिकवते. तिथेही मला वाटायला लागलं होतं की हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात. फळ्याकडे तोंड करून उत्तर विचारलं की फिफ्टी आलं की सिक्स्टी, कळायचं नाही. मी चिडायचे. "जरा मोठ्याने बोला रे, उपाशी आहात का?" मुलं हसायची आणि खरंच मोठ्याने बोलायची. त्यामुळे पेटी आणि मुलं या दोन तक्रारींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

शेवटी पेटी रिक्षात घालून कोठीच्या बाजारात वाद्यांच्या दुरुस्तीच्या दुकानात नेली. दुकानदाराने भाता हलवून पाहिला, झाकण काढून एकेक रीड पुसली, आणि मांडी घालून वाजवायला बसला. खालून वर एक लांब तान घेतली. मध्यापर्यंत मी त्याच्याबरोबर होते. मग त्याची बोटं पुढे गेली आणि माझ्यापाशी टकटक उरली. शेजारी एक तेलुगू बाई तंबोऱ्याच्या तारा घ्यायला आल्या होत्या. त्या टकटकीच्या जागी त्यांनी मान डोलावली आणि माझ्याकडे बघून हसल्या, एखादी चांगली जागा ऐकली की आपण शेजारच्या अनोळखी माणसाकडेही बघून हसतो तशा.

"अम्मा, पेटी तो एकदम दुरुस्त है," दुकानदार म्हणाला.

मीही हसले. पेटीवर खोळ घातली. बाहेर येऊन रिक्षावाल्याला पत्ता सांगितला, तर तो काहीतरी म्हणाला आणि मला ते दोनदा विचारावं लागलं. त्या दोन वेळांमध्ये मला सगळं कळलं.

कान तपासायची जागा कोठीतच, दोन गल्ल्या सोडून. तिथल्या डॉक्टरबाई तरुण होत्या, हैदराबादी हिंदीत हळूहळू, माझ्या चेहऱ्याकडे बघत बोलायच्या. एका बंद खोलीत बसवून त्यांनी कानावर हेडफोन चढवले आणि आवाज आला की बटण दाबायला सांगितलं. सुरुवातीला मी भराभर दाबत होते. मग बराच वेळ काहीच आलं नाही. काचेपलीकडे त्या मात्र काम करत होत्या, म्हणजे आवाज पाठवत होत्या.

बाहेर आल्यावर त्यांनी कागद पुढे ठेवला. गणित शिकवणाऱ्या बाईला आलेख समजावून सांगावा लागत नाही. डावीकडे खालचे आवाज, उजवीकडे वरचे. रेघ डावीकडे सरळ चालत आली होती आणि मध्यानंतर कड्यावरून उडी मारावी तशी खाली गेली होती. दोन्ही कानांची तीच गत.

"वयामुळे?" मी विचारलं.

"वय, थोडं घराण्यातलं. तुमच्या आईला कमी ऐकू यायचं का?"

आईला कमीच यायचं. आम्ही सगळी तिच्याशी ओरडून बोलायचो आणि तिला राग यायचा.

कानाची यंत्रं लावली आणि पहिल्या आठवड्यात मी लहान मुलीसारखी घरभर फिरले. फोडणीत मोहरी तडतडते हे मी विसरून गेले होते. किल्ल्या वाजतात. वर्तमानपत्राचं पान उलटताना त्याला आवाज असतो. शाळेत फिफ्टी आणि सिक्स्टी वेगळे झाले, आणि मुलं मुळीच पुटपुटत नव्हती असं निघालं. रविवारी मोठ्या आशेने पेटीवरची खोळ काढली आणि षड्ज धरला.

सूर थरथरत आला. एक पट्टी दाबली असताना दोन वाजल्यासारखा, त्यात मध्येच बुडणारा. मी भाता सावकाश हलवून पाहिला, जोरात हलवून पाहिला. तेच. डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी सांगितलं की ही यंत्रं बोलणं ऐकण्यासाठी बनवलेली असतात. लांबवलेला सूर त्यांना शिट्टी वाटतो, यंत्रातच काही बिघडून वाजणारी शिट्टी, म्हणून ती तो दाबायला धावतात. संगीतासाठी वेगळी सोय असते, ती त्यांनी चालू करून दिली. थरथर पुष्कळ कमी झाली. पण वरचे सूर पातळ आणि खरखरीतच राहिले. "जे कानातून गेलंय ते यंत्र कुठून आणणार, मॅडम," असं त्या म्हणाल्या, आणि असं स्पष्ट सांगितल्याबद्दल मला त्या आवडल्या.

मी पेटी कपाटावर ठेवली.

शनिवारी दुपारी दिलसुखनगरला आमचं गाणं असे. एक वकीलबाई आहेत, सत्तरी ओलांडलेल्या, पूर्वी दिवाणी कोर्टात त्यांचा दरारा होता. त्यांच्या घरी आम्ही सात-आठ बायका जमून अभंग, भावगीतं, आपल्याला येतील ती गाणी म्हणायचो, आणि पेटी मी वाजवायची. मी त्यांना फोन करून खरं काय ते सांगितलं.

"मग नुसती येऊन बस," त्या म्हणाल्या.

"नुसती नाही बसवणार हो मला."

"हौ, तेही खरंच," त्या म्हणाल्या, आणि पुढे त्यांनी आग्रह केला नाही.

यजमानांनी या सगळ्यावर काही मत दिलं नव्हतं. एके दिवशी संध्याकाळच्या चहाला त्यांनी तो आलेख मागितला. चष्मा वर करून पाहिला.

"हे मला समजावून सांग."

मी सांगितलं. इथवर माझे कान तुमच्याइतकेच चांगले आहेत, इथून पुढे नाहीत.

"म्हणजे खालच्या मजल्यावर पाणी पुरं येतंय. वर चढायला प्रेशर नाही."

"तसंच म्हणा."

"मग वरच्या मजल्यावरच्या माणसाने खाली येऊन पाणी भरावं."

"सुरांना जिना नसतो हो," मी म्हणाले. पेटीच्या खालच्या सप्तकात सगळं वाजवता येईल, पण पेटीच्या प्रत्येक सुरात वरची झाक असते, तिच्यानेच पेटी पेटीसारखी वाटते, आणि तीच मला तुटलेली ऐकू येते. वेगळ्याच जातीचा, जाड, घुमणारा आवाज हवा. तसं वाद्य मला येत नाही आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी शिकणंही नाही.

"बोटं पेटीची आणि आवाज दुसऱ्याचा," ते म्हणाले. चहा संपवला आणि उठून गेले.

पुढचे काही दिवस ते माझ्या लॅपटॉपवर बसलेले दिसायचे. तो लॅपटॉप मी प्रश्नपत्रिका टाइप करायला वापरते. त्यावर हिंदी, तेलुगू, मिळेल त्या भाषेतले व्हिडिओ लागलेले असायचे. मग एका दुपारी मी शाळेतून आले तर दिवाणावर एक लांबलचक खोका. त्यात पियानोसारख्या पट्ट्यांचा, दोन्ही बाजूंना स्पीकर असलेला इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड.

दुकानात काय झालं ते त्यांनीच सांगितलं. विक्रेता शेकडो आवाज, ढोलक, तबला, काय काय वाजवून दाखवत होता. यांनी त्याला थांबवलं आणि कीबोर्ड उलटा करायला लावला. मागे कंप्युटरला जोडायचं चौकोनी भोक आहे का, एवढंच पाहिलं. होतं, म्हणून घेतला. समोरून त्यांनी तो नीट पाहिलाच नव्हता.

"वाजवून बघितला का?"

"मी वाजवून काय कळणार होतं?"

आता जोडणं. खोक्यात वायर नव्हती. यांनी प्रिंटरमागची वायर काढली. तिचं एक टोक चौकोनी, ते कीबोर्डात बसलं, दुसरं चपटं, ते लॅपटॉपमध्ये. लॅपटॉपने टुंग केलं. आम्ही दोघं एकमेकांकडे बघून हसलो. मी पट्टी दाबली. कीबोर्ड स्वतःच्या स्पीकरमधून वाजला. लॅपटॉप गप्प.

वायर उलटसुलट करून झाली, दुसऱ्या भोकात घालून झाली. यांनी वायर हातात घेऊन ती वाकवून पाहिली, पाइप बघावा तशी.

"कुठेतरी तुंबलंय," ते म्हणाले.

त्या दिवशी काही जमलं नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी एक फुकट मिळणारा प्रोग्रॅम उतरवला, ज्यात तऱ्हेतऱ्हेची वाद्यं भरलेली असतात. तरीही शांतता. मग त्या प्रोग्रॅमच्या एका कोपऱ्यात 'आवाज कुठून घ्यायचा' अशा अर्थाचा रकाना सापडला. तो रिकामा होता. त्यात आमच्या कीबोर्डचं नाव निवडलं.

"दाब," ते म्हणाले.

मी दाबली. आवाज नाही. पण पडद्यावर एक छोटा हिरवा दिवा लागला. बोट उचललं, विझला. पुन्हा दाबलं, लागला. हळू दाबलं तर फिका, जोरात दाबलं तर लख्ख. मी हात उजवीकडे नेत गेले, मध्य सप्तक ओलांडून, जिथून माझी टकटक सुरू होते तिथवर आणि त्याच्याही पुढे. प्रत्येक पट्टीला दिवा लागत होता. अगदी शेवटच्या पट्टीलासुद्धा.

मी हात मागे घेतला. यांना वाटलं मी निराश झाले.

"थांब, आवाज पण येईल. हल्लू हल्लू."

"तसं नाही," मी म्हणाले. मला एक गोष्ट कळली होती ती मी त्यांना सांगू लागले. या वायरीतून सूर जातच नाही. कुठली पट्टी दाबली, किती जोरात, कधी सोडली, एवढा निरोप जातो. त्या निरोपाचा आवाज कसला करायचा हे पलीकडचा प्रोग्रॅम ठरवतो, म्हणजे आपण ठरवायचं.

"मग मी काय म्हणत होतो?" ते म्हणाले. खरंच तेच म्हणत होते.

वाद्य निवडलेलंच नव्हतं, म्हणून आवाज नव्हता. यांनी यादीतलं पहिलं, पियानो, निवडलं आणि लॅपटॉप वाजला. फक्त मी पट्टी दाबल्यावर तो क्षणभर विचार करून वाजायचा. पहिला सूर ऐकू येईपर्यंत माझं बोट तिसऱ्यावर गेलेलं. साधा आरोह वाजवताना मी अडखळले, जसं जिन्यात एक पायरी असेल असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी. हा उशीर आम्ही बरेच दिवस सोसला. बफर नावाचा एक आकडा असतो, तो कमी करायचा असं व्हिडिओत सांगितलं होतं. तो कमी केला तर आवाज फुटायचा, वाढवला तर आणखी उशीर. यांनी सगळे आकडे घालून पाहिले. मी एकदा चिडून उठले.

"राहू द्या हो. परेशान करून घेताय स्वतःला."

"मला कुठे ऑफिसला जायचंय?"

दोष निघाला तो भलत्याच जागी. आम्ही मुलाचे बिनवायरीचे हेडफोन वापरत होतो. तो पुण्याला जाताना विसरून गेला होता, आणि ते भारी होते, म्हणून चांगलेच असणार असं आम्ही समजून चाललो होतो. हवेतून आवाज पोचवायलाच ते वेळ घेत होते. सिनेमा बघताना तो वेळ कळत नाही, वाजवताना लगेच कळतो. यांनी कोठीहून साधे वायरचे, कान पुरते झाकणारे हेडफोन आणले, ते लॅपटॉपमध्ये खुपसले, बफर मधल्या आकड्यावर ठेवला. मी पट्टी दाबली आणि सूर बोटाखालीच होता.

मग आम्ही आवाज शोधायला बसलो. कानातली यंत्रं काढून ठेवली, हेडफोन चढवले. बासरी मला अर्धी ऐकू आली. व्हायोलिन वर गेलं की विरायचं. यादीत खाली खाली जात एक चेलो सापडला, व्हायोलिनच्या घराण्यातला, पण माणसाएवढा, बसून वाजवायचा. प्रोग्रॅममध्ये सगळं एक सप्तक खाली उतरवायची सोय होती, तीही लावली. मी डोळे मिटून एक अभंग धरला. अंतऱ्यात तो वर चढतो, तार षड्जाला टेकतो आणि तिथे थोडा रेंगाळतो. ती जागा मी दीड वर्षात ऐकली नव्हती. आता ती आली, जाड, तपकिरी, एखाद्या वयस्क माणसाने सावकाश म्हणावी तशी. पण आली, पूर्ण, कुठेही न तुटता. मी ती परत परत वाजवली. यांना हेडफोनमुळे काहीच ऐकू येत नव्हतं, ते नुसते माझ्या चेहऱ्याकडे बघत होते.

"आलं का पाणी?"

मी मान हलवली.

यानंतर एक गंमत झाली. तो प्रोग्रॅम वाजवलेलं साठवूनही ठेवतो. पडद्यावर प्रत्येक सुराची एक आडवी पट्टी उमटते. सूर वरचा तर पट्टी वर, लांब तर पट्टी लांब. मी शाळेत गेले की यजमान माझं वाजवणं उघडून बघत बसायचे. एके दिवशी म्हणाले, "इथे तू चढतेस, मग एकदम नाही उतरत, एक पायरी उतरून परत वर जातेस. दर वेळी. मुद्दाम करतेस का?"

मुद्दामच करत होते. ती माझी आवडती हरकत आहे. बत्तीस वर्षं ते माझं वाजवणं शेजारच्या खोलीतून ऐकत आले होते आणि तिच्याबद्दल पहिल्यांदा बोलत होते, डोळ्यांनी बघून.

"चांगली आहे," ते म्हणाले. "उतार नीट ठेवलाय."

एवढं झाल्यावरही शनिवारचा प्रश्न होताच. हेडफोनमधला चेलो मला ऐकू येत होता, पण बायकांना त्यावर गाता आलं नसतं. त्यांना पेटी हवी, त्यांच्या पट्टीतली. उत्तर आमच्यासमोरच होतं आणि आम्ही ते इतके दिवस त्रास म्हणून दाबून ठेवलं होतं. कीबोर्डचा स्वतःचा आवाज आणि लॅपटॉपचा आवाज एकदम वाजून घोळ होई, म्हणून आम्ही कीबोर्डचं बटण शून्यावर नेऊन ठेवलं होतं. मी ते वर केलं आणि कीबोर्डवर हार्मोनियमचा आवाज निवडला. आता खोलीत पेटी वाजत होती आणि माझ्या कानात चेलो, दोन्ही एकाच बोटातून. उजव्या कानावर हेडफोन, डाव्या कानात यंत्र, म्हणजे गाणारीचा आवाज आणि शब्दही मिळतील. हेडफोन तिरके बसत होते. यांनी त्यांची दुसरी वाटी कानामागे सरकवून रबरबँडने अडकवून दिली.

"मी चांगली दिसतेय का?" मी विचारलं.

"विमान चालवणाऱ्यासारखी दिसतेस."

मी वकीलबाईंना फोन केला. शनिवारी लॅपटॉप पिशवीत घालून, कीबोर्ड आडवा धरून आम्ही दोघं रिक्षात बसलो. त्याची दोन्ही टोकं बाहेर येत होती आणि मलकपेटला सिग्नलपाशी एका स्कूटरवाल्याने ते टोक हाताने अलगद आत ढकललं. वकीलबाईंच्या घराखाली कोचिंग क्लास आहे. जिन्यात मुलांच्या चपलांचा हा ढीग, त्यातून वाट काढत वर गेलो.

बायका माझ्या अवताराकडे बघत राहिल्या, पण कोणी हसलं नाही. वकीलबाईंची सून पुढे बसली होती. ती इथेच जन्मली, वाढली, मराठी छान बोलते आणि अडखळत वाचते. गाण्याचे शब्द तिने मोबाइलवर इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेले असतात, पण आवाज असा की ऐकत राहावं. तिने काळी पाचमध्ये, आमच्या नेहमीच्या उंच पट्टीत, सूर लावला. मी तिच्या मागे निघाले.

पहिल्या गाण्यात मी चुकले. एका कानात माणूस आणि दुसऱ्या कानात वाद्य, हे मेंदूला एकत्र बांधायला वेळ लागत होता, आणि मी तिच्या अर्धी मात्रा मागे राहत होते. ती थांबली.

"काकू, परत घेऊ?"

"घे. माझी काळजी करू नकोस, तू जा पुढे."

दुसऱ्यांदा बरं झालं. तिसऱ्या गाण्यात मला कान आहेत हे मी विसरले. ती वर गेली, मी तिच्याबरोबर गेले, तिथे ती थांबली तर मी थांबले, आणि ती खाली येताना मी माझी हरकत घेतली. ती गाता गाता हसली.

चहाच्या वेळी वकीलबाई माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांचा आवाज एके काळी या खोलीतला सगळ्यात मोठा आवाज होता. सत्तरीनंतर तो वरून झिजत गेला, तेव्हापासून त्या नुसता ठेका धरायच्या. त्यांना तुम्ही गा असं म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

"बघू तुझ्या कानातलं," त्या म्हणाल्या.

मी हेडफोन दिले आणि थोडं वाजवलं. त्या मान खाली घालून ऐकत राहिल्या. मग हेडफोन काढून हातात धरले.

"तुझ्यासाठी सूर खाली आणता येतो. माझ्यासाठी नाही येणार?"

प्रश्न साधा होता आणि मला तो कधी सुचला नव्हता. माझा हात काळी पाचवर बसलेला. दुसऱ्या पट्टीत वाजवायचं तर मी चाचपडते, म्हणून सगळ्यांनी माझ्या पट्टीत गावं, असं इतकी वर्षं चालत आलं होतं. यजमान कोपऱ्यात चिवडा खात बसले होते. त्यांना विचारलं. ते उठून आले, कीबोर्डवरची बटणं वाचू लागले, आणि एक दाखवलं, ज्याने बोटं जागच्या जागी राहून सगळी पट्टी अर्ध्या अर्ध्या सुराने खाली येते.

मी एकदा दाबलं आणि षड्ज दिला. वकीलबाईंनी तोंडातल्या तोंडात लावून पाहिला, मान हलवली. आणखी खाली. नाही. आणखी खाली. त्यांनी हात वर केला, कोर्टात करायच्या तसा.

"इथे."

त्यांनी गायला सुरुवात केली. आवाज जुना राहिला नव्हता, त्यात राख मिसळली होती, आणि पहिल्या दोन ओळींनंतर त्यांना दम घ्यायला थांबावं लागलं. मी षड्ज धरून ठेवला. सुनेने मोबाइल खाली ठेवला आणि सासूच्या तोंडाकडे बघून शब्द जुळवू लागली. खाली क्लास सुटला, जिन्यात मुलांचा गोंधळ उसळला, आणि त्यातून वकीलबाईंनी पुढची ओळ उचलली. सून त्यांच्या मागे, मग बाकीच्या.

मला माहीत आहे की आलेखातली रेघ तिथेच थांबणार नाही. डॉक्टरबाईंनी दर वर्षी तपासायला सांगितलंय; पुढच्या महिन्यात जायचं आहे, जाईन. रेघ सरकली तर आवाज आणखी खाली नेता येईल, खाली अजून बरीच जागा आहे. सुनेला सराव करता यावा म्हणून मी चार गाणी लॅपटॉपवर वाजवून ठेवली आहेत, आणि त्यांचे शब्द देवनागरीत मोठ्या अक्षरांत टाइप करून दिले आहेत. ती तक्रार करते, पण वाचते.

त्या दिवशी निघताना वकीलबाई जिन्यापर्यंत आल्या. यजमान कीबोर्ड खांद्यावर घेऊन आधीच खाली उतरत होते.

"पुढच्या शनिवारी अर्धा तास लवकर या," त्या म्हणाल्या. "मला आवाज तापवायला वेळ लागतो."